चित्र काढता न येणाऱ्या आईनं काय करावं?

पत्र: "आम्ही नाशिकला सातपूर भागात राहतो. मुलगी अकरा वर्षांची, सहावीत. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. शाळेत इतिहास म्हणजे गाळलेल्या जागा आणि जोड्या लावा. चित्रकलेचा तास बहुतेक वेळा गणिताला जातो. दोन्ही विषय घरी शिकवावेत असं फार वाटतं, पण मी बी.कॉम. झालेली, इतिहास दहावीनंतर सुटला आणि मला साधी घागरसुद्धा नीट काढता येत नाही. सासूबाई म्हणतात, त्या वेळात पोरांची गणितं करून घे. त्यात गेल्या महिन्यात आणखी एक झालं. मुलगी आजीला म्हणाली, पांडवलेणी पांडवांनी खोदलेलीच नाहीत, पुस्तकात सातवाहन आहेत. आजी दुखावल्या, मुलगी हट्टाला पेटली, मी मधल्यामध्ये. ऑनलाइन कोर्स लावू का? कोणती पुस्तकं आणू? आणि या भांडणाचं काय करू?" – एक आई, नाशिक

ताई,

कोर्स लावू नका. निदान यंदा तरी नको. पुस्तकांची यादीही आज देत नाही, कारण तुमच्या घरात याहून चांगली सुरुवात आधीच झाली आहे. अकरा वर्षांची मुलगी आजीशी इतिहासावरून भांडते, याचा अर्थ तिला तो विषय खरा वाटतो. पुस्तकात छापलेलं आणि आजीनं सांगितलेलं जुळत नाही, हे तिला खटकलं. तिला अजून एवढंच ठाऊक नाही की अशा वेळी मोठ्यानं बोलून निकाल लागत नसतो, पुरावा शोधायचा असतो. तो शोधायला तुम्हाला कुठं लांब जायचं नाही. पांडवलेणी तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहेत.

म्हणून पहिलं काम हे. एका सकाळी चौघं मिळून वर जा, आजींना पायऱ्या झेपणार असतील तर पाचही जण. झेपणार नसतील तर त्यांना खाली फाळके स्मारकाच्या बागेत बसू द्या, पण न्याच. जाण्याआधी मुलीच्या वहीच्या एका पानावर मधोमध उभी रेघ मारायला सांगा. डावीकडे 'लोक काय सांगतात', उजवीकडे 'दगडावर काय लिहिलंय'. डाव्या बाजूला पहिली नोंद आजींची. त्यांनी ही गोष्ट कुणाकडून ऐकली, किती लहान असताना, त्यात भीम कुठं येतो, हे सगळं मुलीनं त्यांना विचारून त्यांच्याच शब्दांत लिहायचं. महाराष्ट्रात, आणि बाहेरही, डोंगरातल्या कितीतरी लेण्यांना पांडवांचं नाव आहे. एवढा कातळ माणसानं कोरला असेल यावर लोकांचा विश्वास बसेना, म्हणून त्यांनी ते काम पांडवांकडे दिलं. आजी खोटं बोलत नाहीत. पिढ्यान् पिढ्या सांगत आलेली गोष्ट त्या सांगताहेत, आणि ती गोष्ट हाही इतिहासाचाच भाग आहे. हे मुलीला आजींच्या देखत सांगा. तुमच्या भांडणावर माझ्याकडे एवढाच उपाय आहे आणि तो पुरेल असं मला मनापासून वाटतं.

आता उजवी बाजू. हा डोंगर म्हणजे त्रिरश्मी. इथं चोवीस लेणी आहेत, आणि त्यांतल्या अनेकांत कोणी खोदलं, कोणी दान दिलं, ते ब्राह्मी लिपीत भिंतीवर कोरून ठेवलं आहे. एकोणिसाव्या लेण्यातला लेख सातवाहन राजा कृष्ण याच्या काळातला, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुना. त्यात लेणं करवून घेणारा अधिकारी स्वतःला नाशिकचा म्हणवतो. तुमच्या मुलांच्या पत्त्यात जे गावाचं नाव येतं तेच तिथं कोरलेलं आहे. मुलांना आधी हे दाखवा. राजांची नावं मागाहून.

घरी परतल्यावर ब्राह्मी अक्षरं काढू द्या. अशोकाच्या काळातल्या ब्राह्मीतला 'क' म्हणजे अधिकचं चिन्ह, 'र' म्हणजे एक उभी रेघ, 'ठ' म्हणजे पूर्ण वर्तुळ, त्याच वर्तुळात टिंब दिलं की 'थ', आणि 'न' म्हणजे आडव्या रेघेवर उभी केलेली काठी. तिसरीतला मुलगासुद्धा एका संध्याकाळी दहाबारा अक्षरं शिकतो, कारण ती त्याला गुप्त लिपीसारखी वाटतात. पुढं शतकाशतकानं अक्षरांची वळणं बदलत गेली. नाशिकच्या लेखांतली वळणं अशोकाच्या अक्षरांशी तंतोतंत जुळणार नाहीत, आणि कुठं जुळत नाहीत ते शोधणं हाच मुलीचा अभ्यास. भिंतीवर बोट मात्र फिरवू देऊ नका, कागद ठेवून पेन्सिल घासू देऊ नका. ते संरक्षित स्मारक आहे. फोटो काढा आणि घरी मोठा करून बघा.

आता तुमच्यासाठी. तुम्ही 'मी बी.कॉम. झालेली' असं जणू क्षमा मागितल्यासारखं लिहिलंत. ताई, दहाव्या लेण्यात तुम्ही त्या घरातल्या सगळ्यांपेक्षा हुशार ठराल.

दहावं लेणं नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात यानं खोदवलं. त्यातला लेख हा चक्क ठेवीचा दस्त आहे. उषवदातानं भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमचे दिले आणि ते गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे ठेवले. एका श्रेणीकडे दोन हजार, व्याज दरमहा शेकडा एक. दुसरीकडे एक हजार, व्याज दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून या लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कापडासाठी. आता मुलीला म्हणा, दोन हजारांवर महिन्याला शेकडा एक, तर वर्षाचं व्याज किती? दोनशे चाळीस. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा? दोनशे चाळीस. हिशेब पैन् पै जुळतो. एकोणीसशे वर्षांपूर्वी कुणीतरी तो मांडला, निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला, फलकावर नोंदवला आणि मग दगडात कोरला.

एक हजाराच्या पाऊण टक्क्याचं गणित मुलीला स्वतः करू द्या. त्याच लेण्यात सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण असा हिशेबही आहे. एका सुवर्ण नाण्याला किती कार्षापण पडले, तो भागाकार मुलासाठी ठेवा. सासूबाईंचं गणितही होईल. मग प्रश्न आपोआप येतात. विणकरांकडे पैसे का ठेवले? बँका नव्हत्या का? विणकर त्या पैशाचं काय करत असतील? व्याज दोन ठिकाणी वेगवेगळं का? यांतल्या काहींची उत्तरं मिळतात, काहींची कुणालाच ठाऊक नाहीत. 'हे अजून कुणाला कळलेलं नाही' असं आईच्या तोंडून ऐकणं मुलांना फार चांगलं असतं. गोवर्धन नावाचं गाव गंगापूर रस्त्यावर आजही आहे. येताना तिकडून या.

तिथून तिसऱ्या लेण्यात जा. याच्या पायाशी सहा धिप्पाड माणसं कोरली आहेत, जमिनीतून अर्धी वर आलेली, अख्खं लेणं खांद्यावर पेलणारी. आत गौतमी बलश्रीचा लेख आहे. ही गौतमीपुत्र सातकर्णीची आई. नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिनं हे लेणं दान दिलं, आणि लेखात गेलेल्या मुलाचं भरभरून वर्णन केलं. त्यानं क्षहरातांचा वंश समूळ नाहीसा केला असं ती म्हणते. क्षहरात म्हणजे नहपानाचं घराणं, ज्याच्या जावयाचं दहावं लेणं तुम्ही नुकतंच पाहिलंत. इथं मुलीला थांबवा आणि विचारा, आईनं मुलाचं कौतुक केलं, ते सगळं खरं धरायचं का?

हा प्रश्न मला पाठ्यपुस्तकातल्या दहा धड्यांपेक्षा मोलाचा वाटतो. दगडावर कोरलं म्हणून ते खरं होत नाही. राजे बढाया मारतात, आयाही मारतात. मग दुसरा साक्षीदार हवा, आणि तो तुमच्याच जिल्ह्यात सापडला. १९०६ साली सिन्नर तालुक्यात गोदाकाठच्या जोगलटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. तेरा हजारांहून जास्त नाणी, नहपानाची. त्यांतल्या सुमारे नऊ हजारांवर गौतमीपुत्रानं स्वतःचा ठसा पुन्हा मारला होता. नहपानाचा चेहरा, त्यावर सातवाहनांचं तीन कमानींच्या डोंगरासारखं दिसणारं चैत्यचिन्ह. काही नाण्यांवर खालचे नाक-डोळे अजून दिसतात. आईनं जे भिंतीवर लिहिलं त्याला या नाण्यांनी दुजोरा दिला. बलश्रीला जोगलटेंभीच्या साठ्याची खबर असायचं कारण नाही, आणि साठा पुरणाऱ्याला तिच्या लेखाची. म्हणूनच दोघांची साक्ष जुळली की तिला वजन येतं.

कलेचा तास इथंच सुरू होतो. शाडूची माती आणा, गणपतीच्या दिवसांत नाशिकमध्ये कुठंही मिळते. बटाटा अर्धा कापून मुलाला त्यावर एक चेहरा कोरू द्या, एका बाजूनं दिसणारा, नाक ठसठशीत. मुलीनं दुसऱ्या अर्ध्यावर तीन कमानींचा डोंगर कोरायचा. मातीच्या चकत्या करून आधी मुलाच्या राजाचा ठसा, माती थोडी ओलसर असतानाच त्यावर मुलीचा. चिडेल तो, नक्की चिडेल. "माझा राजा पुसला!" नहपानाच्या माणसांना काय वाटलं असेल ते त्याला तेव्हा कळेल, आणि ठसा उलटा उमटतो हेही. अक्षरं कोरायची तर उलटी कोरावी लागतात, हे कळायला बटाट्याची एक चूक पुरते. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीजवळ नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. ठसे करून झाल्यावर तिकडं जा, आधी नको. स्वतः नाणं पाडलेला मुलगा काचेमागचं नाणं वेगळ्या डोळ्यांनी बघतो.

तुम्हाला चित्र येत नाही, ही अडचण नाही असं नुसतं म्हणून तुमचं समाधान होणार नाही, म्हणून नीट सांगते. घरी कला शिकवताना तुमचं काम चित्र काढून दाखवणं नाही. मुलांसोबत बसून तीच वस्तू तुम्हीही काढणं, एवढंच आहे. लेण्यातल्या खांबासमोर तिघं बसा. वहीकडे कमी आणि खांबाकडे जास्त बघायचं, एवढाच नियम. खांब खाली घटातून उगवतो, वर उलट्या घंटेसारखा होतो, त्यावर पायऱ्यापायऱ्यांची बैठक, आणि तिच्यावर प्राणी. दहाव्या लेण्यातला खांब काढा, मग तिसऱ्यातला त्याच पानावर शेजारी काढा. घंटेचा आकार सारखा आहे का? प्राण्यांची अंगं कुठं जास्त जिवंत वाटतात? ही तुलना करूनच अभ्यासकांनी कुठलं लेणं आधीचं यावर वाद घातले आहेत. तुमची रेघ वाकडी आली तरी तुमच्या डोळ्यांनी जे पाहिलं ते राहतं. मुलांना आईची वाकडी रेघ दिसली की त्यांचा हात मोकळा होतो, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे.

काही गोष्टी करू नका. खोडरबर सोबत नेऊ नका. मुलाच्या कागदावर तुमची पेन्सिल टेकवू नका. 'छान' हा शब्द आवरा, त्याऐवजी म्हणा, "हा वाघ पाय दुमडून बसलाय, ते तू पाहिलंस." रंग भरायची छापील चित्रं आणू नका. साहित्य म्हणाल तर एकीकडून कोरे असलेले कागद, मऊ पेन्सिली, कोळसा, गेरू आणि चुना यांवर वर्ष निघतं. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा मुलगी आणखी मोठी झाल्यावर द्यायला हरकत नाही. दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात, सासूबाईंना ते ऐकून बरं वाटेल. पण त्या परीक्षेसाठी आत्तापासून ठरावीक घाटाची मडकी गिरवायला लावू नका.

पायथ्याशी फाळके स्मारक आहे म्हटलं, त्यावरून आणखी एक. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०. मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकले, पुरातत्त्व खात्यात छायाचित्रं काढली, आणि १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' करण्याआधी कुंडीत वाटाणा पेरून तो उगवताना एकेक चित्र टिपत एक छोटी फिल्म केली. ही गोष्ट तुमच्या मुलासाठी आहे. एका जागी न बसणारा मुलगा तो, असं तुमच्या पत्राच्या ओळींमधून मला वाटलं. त्याला कुंडीत वाटाणा लावू द्या. रोज सकाळी एकाच जागेवरून मोबाइलनं एक फोटो, नाहीतर वहीच्या कोपऱ्यात एक छोटं चित्र. कोंब हातभर झाला की पानं भरभर उलटायची. सिनेमा कसा हलतो ते कळायला दुसरं काही लागत नाही.

काळाचं भान ही मात्र लहान मुलांची खरी अडचण असते. शिवाजी महाराज आणि सातवाहन त्यांना एकाच 'जुन्या काळात' दिसतात. त्यासाठी हॉलच्या भिंतीवर सुतळी बांधा. मुलाची एक वीत म्हणजे शंभर वर्षं. आजी एका वितीच्या आत मावतील. महाराजांचा राज्याभिषेक, १६७४, साडेतीन वितींवर. बलश्री जवळजवळ एकोणीस वितींवर, भिंतीच्या पार दुसऱ्या टोकाला. मधली लांबच लांब रिकामी सुतळी बघून मुलगीच विचारेल, इथं काय झालं? तेव्हा सिन्नरच्या गोंदेश्वराला जायची वेळ आली असं समजा. यादवांच्या काळातलं ते देऊळ त्या रिकाम्या सुतळीवर नऊ-दहा वितींच्या आसपास बसतं.

आणि सुतळीच्या अलीकडच्या टोकालाही बघा. नाशिकमध्ये राहून मुलांना काळाराम मंदिराचा सत्याग्रह सांगितला नाही तर त्यांना अर्धंच नाशिक दाखवल्यासारखं होईल. २ मार्च १९३० रोजी दलितांना देवळात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तो सुरू झाला, दादासाहेब गायकवाड तो पुढं चालवणाऱ्यांत होते, आणि काही वर्षं झगडूनही दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. येवलं मुलांना पैठणीमुळे माहीत असेल. दोन्ही गोष्टी कळू द्या. लहान वयात कशाला, असं पुष्कळ पालक विचारतात. आठ वर्षांच्या मुलाला 'तुला आत यायचं नाही' याचा अर्थ उत्तम कळतो. मंदिराच्या दारासमोर उभं राहून साध्या शब्दांत सांगा, गोड करून सांगू नका, आणि तो जे विचारेल त्याला उत्तर द्या. आपल्याच आजोबा-पणजोबांच्या पिढीनं हे केलं, असं म्हणायची वेळ आली तर म्हणा.

सासूबाईंकडे परत येते, कारण तुमच्या घरातलं सगळ्यात मोठं साधन त्याच आहेत. १९७२ चा दुष्काळ त्यांना आठवत असेल. मुलीला मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू करून विचारायला बसवा: मिलो ज्वारीची भाकरी कशी लागायची, सुकडी कुठं मिळायची, दुष्काळी कामावर खडी फोडायला कोण गेलं होतं, पाणी कुठून आणायचे. जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्याही. मुलाखत झाली की मुलीनं ती जशीच्या तशी उतरवून काढायची, आणि त्याच दोन रकान्यांच्या वहीत ठेवायची. आजींनी स्वतः पाहिलेलं कुठल्या बाजूला लिहायचं, यावर दोघींना वाद घालू द्या. या वेळच्या वादात कुणी दुखावणार नाही.

वेळ किती द्यावा, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. आठवड्यातून एक दुपार पुरे, आणि परीक्षेच्या दिवसांत तीही नको. महिनाभर एकच वस्तू चालली तरी घाबरू नका. पुस्तकं मुलीच्या प्रश्नांप्रमाणे एकेक आणा. सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घ्या आणि निवड तिच्यावर सोडा. ऐतिहासिक मालिका आणि सिनेमे बंद करायची गरज नाही. बघून झाल्यावर प्रत्येकानं एक गोष्ट सांगायची, जी दिग्दर्शकाला कुठल्याही पुराव्यावरून कळली नसेल असं वाटतं ती.

पावसाळ्यात पायऱ्या शेवाळतात, तेव्हा आजींना घेऊन जाणार असाल तर दिवाळीनंतर जा. सकाळी लवकर निघा, पाणी आणि टोप्या घ्या. आणि चढायच्या आधी मुलीला दहाव्या लेण्यातल्या व्याजाचं गणित घालू नका. ते तिथं, त्या लेखासमोर उभं राहूनच घाला.